शून्यावर येईपर्यंत

पिनबॉलच्या या यंत्रात एकही ट्रान्झिस्टर नाही. चिप नाही, छापील सर्किट बोर्ड नाही. तरी ते चार खेळाडूंचे गुण वेगवेगळे लक्षात ठेवतं, कितवी गोळी चालू आहे ते जाणतं, कुणी अंगचटीला येऊन जास्तच हलवलं तर त्याची गोळी तिथेच बाद करतं, आणि खेळ संपला की एक आकडा काढून तो ज्याच्या गुणांशी जुळेल त्याला एक डाव फुकट देतं. या सगळ्यासाठी त्याच्याजवळ आहेत तांब्याच्या तारेच्या कॉइल, त्यांच्यात ओढले जाणारे लोखंडी दट्टे, टोकाला चांदीची टिकली बसवलेल्या लवचीक पट्ट्या, दाते असलेली चाकं आणि सावकाश फिरणारी एक मोटार. वीज बंद केली तरी त्याला काही विसरायला होत नाही. चाक जिथे थांबलं तिथेच असतं. आठवण म्हणजे त्या चाकाची जागा; डोळ्यांनी दिसते, बोटाने चाचपता येते.

पिनबॉल म्हणजे उतरत्या मैदानावर पोलादी गोळी उसळवत गुण मिळवायचा खेळ. त्याचं हे यंत्र 1960च्या दशकात शिकागोत, विल्यम्स कंपनीच्या कारखान्यात तयार झालं. आज ते फोंड्याजवळ आमच्या घराच्या मागच्या खोलीत आहे. मुरगाव बंदराच्या वाटेवरचा एक जुना बार बंद झाला, तेव्हा तिथल्या मालकाने ते मला दिलं. त्याच्या वडिलांनी ते एका जहाजावरच्या खलाशांकडून घेतलं होतं. बारमध्ये काही वर्षं ते चाललं, मग कोपऱ्यात गेलं आणि त्यावर सोड्याचे क्रेट रचले गेले. नाण्यांच्या डब्यात पन्नास पैशांची जुनी नाणी होती. अमेरिकेचं पाव डॉलरचं नाणं साधारण 24 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि आपलं जुनं पन्नास पैशांचं नाणंही जवळजवळ तेवढंच, त्यामुळे खाचेत फारसा बदल न करता इथल्या लोकांनी ते यंत्र आपलंसं केलं होतं. ती नाणी मी डब्यात तशीच ठेवली आहेत.

टेम्पो बोरीचा पूल ओलांडून घरी आला तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कॅसिनोतलं काय गं हे?" गोव्यात हा प्रश्न साहजिक आहे. मांडवीच्या पात्रात रात्री लखलखणारी जहाजं सगळ्यांनाच दिसतात. आणि त्यांची शंका तशी जुनीच म्हणायची, कारण पिनबॉलवर हा आरोप त्याच्या जन्मापासून आहे. 1930च्या दशकातल्या यंत्रांत खेळाडूच्या हातात फार काही नव्हतं. दांडी ओढून गोळी सोडायची आणि ती खिळ्यांमधून घरंगळत कुठे पडते ते बघायचं. न्यू यॉर्कच्या महापौर ला ग्वार्डियांनी 1942 मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी आणली आणि हातोड्यांनी यंत्रं फोडून घेतली. त्यानंतर पाच वर्षांनी, 1947 मध्ये, गॉटलिब कंपनीच्या एका यंत्रात पहिल्यांदा फ्लिपर आले: बटण दाबलं की उसळून गोळीला परत वर धाडणारे छोटे हात. खेळ खऱ्या अर्थाने तेव्हा खेळाडूचा झाला. बंदी मात्र 1976 पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगर परिषदेच्या सदस्यांसमोर यंत्रावर खेळून दाखवलं, गोळी कुठल्या वाटेने जाईल ते आधी सांगितलं, आणि गोळी त्याच वाटेने गेली. गोव्याचा सार्वजनिक जुगाराचा कायदाही 1976 चाच. हा निव्वळ योगायोग आहे, पण वहिनींना उत्तर देताना तो माझ्या कामी आला. "नशिबाचं नाही, हाताचं मशीन आहे," असं मी त्यांना सांगितलं.

यंत्राचं झाकण पहिल्यांदा उघडलं ते बाबांनी. बाबा टेलिफोन खात्यात होते, स्ट्रॉजर एक्सचेंजवर. आल्मन स्ट्रॉजर हा कॅन्सस सिटीतला अंत्यविधीची कामं करणारा माणूस. त्याने 1891 मध्ये आपोआप नंबर जोडणाऱ्या स्विचचं पेटंट घेतलं. तुम्ही डायल फिरवली की तारेतून ठोके जायचे, त्या ठोक्यांबरोबर एक दांडा पायरी पायरीने वर चढायचा, मग आडवा फिरायचा आणि शंभर कॉन्टॅक्टपैकी नेमक्या एकावर जाऊन थांबायचा. पुढे 1984 मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली, देशी डिजिटल एक्सचेंजं आली, आणि बाबांच्या खोल्यांमधून रिलेंच्या, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचांच्या, रांगा हलवल्या गेल्या. त्यांना नव्या एक्सचेंजचं प्रशिक्षण मिळालं, नोकरी व्यवस्थित पार पडली. पण रिलेच्या पट्टीला किती ग्रॅमचा ताण हवा हे जाणणाऱ्या बोटांना त्यानंतर काम उरलं नाही.

बाबांनी झाकण उचललं, बॅटरीचा झोत आत मारला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, ही एक्सचेंजच आहे."

रिले तेच, पायरी पायरीने पुढे सरकणारी चाकं तीच, धाग्याने बांधलेल्या रंगीत तारांच्या जुड्या त्याच. फरक त्यांना लगेच दिसला. एक्सचेंज 50 व्होल्टच्या बॅटरीवर, डीसीवर चालायची. इथे कॉइल 24 व्होल्टच्या एसीवर. एसीवरचा रिले नीट चिकटला नाही तर घरघरतो, त्यामुळे ढिला रिले कानाने शोधता येतो. हे कळल्यावर बाबांचा चेहरा खुलला. कपाटातून त्यांनी आपल्या हत्यारांची कातडी पिशवी काढली: पट्ट्या वाकवायची खाच असलेली सळई, ताण मोजायचा छोटा गेज, कॉन्टॅक्ट घासायची पातळ पाती. इतकी वर्षं ती पिशवी आईने कधी भंगारात दिली नाही, हे आईचं श्रेय.

बिघाड काय आहे हे शोधण्याआधी मला विजेचा प्रश्न सोडवायचा होता, आणि तो वाटला त्यापेक्षा सुरस निघाला. यंत्राच्या पट्टीवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ असं लिहिलेलं. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. व्होल्टेज कमी करायला ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण हर्ट्झचं, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्याचं, काय? लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेजला हर्ट्झने भागून ठरतं. 60 हर्ट्झसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरला 50 हर्ट्झवर पूर्ण 120 व्होल्ट दिले तर गाभा सहन करण्यापलीकडे भरतो, तापतो, गुणगुणतो. हिशेब मांडला तर 120 गुणिले 50 भागिले 60, म्हणजे बरोबर 100 व्होल्ट. पण मग आतल्या कॉइलनाही सहाव्या भागाने कमी व्होल्टेज मिळणार; फ्लिपर लुळे पडतील का? पडत नाहीत. कारण कॉइलही लोखंडावर गुंडाळलेली तारच, आणि 50 हर्ट्झवर ती विजेला अडवतेही त्याच प्रमाणात कमी. दोन्ही कपाती एकमेकींना फेडतात. मंद होतात ते फक्त दिवे, आणि दिवे मंद झालेले मला हवेच होते, कारण मागच्या चित्रकाचेचा रंग त्यांच्या उष्णतेनेच पोपडे धरून सुटतो. राहिली मोटार. तिचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणून ती इथे साधारण सहाव्या भागाने सावकाश फिरते. शिकागोत जो ठेका ऐकून ती जुळवली गेली, त्यापेक्षा आमच्याकडे तिची लय थोडी उतरलेली आहे. आम्हाला ती आवडते.

ट्रान्सफॉर्मर फोंड्यातल्या एका रिवाइंडिंगवाल्या मेस्तांनी बांधून दिला, दोन्ही बाजूंची वेटोळी पूर्ण वेगळी ठेवून आणि 100, 105, 110 व्होल्टचे टॅप काढून. यंत्राची मूळ वायर दोनच तारांची होती, अर्थिंगचा पत्ता नव्हता. ती काढून तीन पिनांची घातली आणि आतल्या प्रत्येक धातूच्या भागाला, पायांना, नाण्यांच्या दाराला अर्थ जोडला. फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याच्या तारेचा वळसा मारून ठेवलेला. असा वळसा दिसला की समजायचं, पुढे कुठेतरी एक कॉइल जळालेली असणार.

होतीच. एका बंपरखालची. बंपर म्हणजे मैदानातला तो टोपीवाला खांब, गोळी टेकली की तिला फटकारून दूर फेकणारा. त्याचा स्विच चिकटून राहिला, कॉइलमधून वीज वाहत राहिली, फ्यूज असता तर वितळला असता, तांब्याची तार वितळली नाही. कॉइलवरचा कागद काळवंडला होता, पण शेजारच्या बंपरच्या कॉइलवर अक्षरं शाबूत होती: 23-750. विल्यम्सची ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. आधी तारेचा गेज, मग वेढे. 23 गेजच्या तारेचे 750 वेढे. दुरुस्त करणाऱ्याला जे हवं ते सगळं त्या दोन आकड्यांत आहे, कुणाला विचारायला जायला नको. अडचण एवढीच की तो अमेरिकन गेज आहे. अमेरिकन 23 म्हणजे 0.573 मिलिमीटर. आपल्या बाजारात तार मिळते ती ब्रिटिश गेजने, आणि तिथे 23 म्हणजे 0.610. आकडा बघून तार घेतली तर ती जाड येते आणि 750 वेढे बॉबिनवर मावत नाहीत. ब्रिटिश 24 म्हणजे 0.559, ती मूळ तारेच्या सगळ्यांत जवळची. मेस्तांनी बॉबिन हातात फिरवून बघितलं. आयुष्यभर विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बांधलेला तो माणूस. "पंपाचें न्हय हें," ते म्हणाले, आणि हाताने फिरवायच्या यंत्रावर वेढे मोजत, थर एकावर एक अगदी सरळ बसवत, चहा थंड होईपर्यंत कॉइल तयार केली. ती आजही चालते आहे आणि मूळ कॉइलपेक्षा तिचं काम उजवं आहे, हे मी बाजूबाजूला ठेवून बघितलं आहे.

पहिल्यांदा वीज दिली ती वाटेत शंभर वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावून. कुठे शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब नुसता लालसर झाला. मग बल्ब काढला, स्टार्टचं बटण दाबलं, आणि मोटार फिरायला लागली. फिरतच राहिली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या यंत्राचा सगळा स्वभाव या एका जागी दिसतो. नवा डाव सुरू करायचा म्हणजे मागच्या डावाचे गुण पुसायचे. संगणकात ते एका क्षणात होतं. इथे गुण म्हणजे आकडे रंगवलेली चाकं. 7 वर उभ्या असलेल्या चाकाला 8, 9 करत 0 वर यावंच लागतं, मागे जायची सोय नाही. म्हणून स्टार्ट दाबलं की रिसेटचा रिले ओढला जातो, मोटार फिरते, आणि तिच्यावरच्या उंचवट्यांनी स्विच दाबले जाऊन चाकांना ठोके मिळत जातात. प्रत्येक चाकाला स्वतःचा शून्य कळतो: त्या जागी आलं की एक बोटासारखा तुकडा दोन पट्ट्या उचलतो. एक पट्टी त्या चाकाचे ठोके तोडते. दुसरी रिसेटच्या रिलेला कळवते की मी पोचलो. सगळी चाकं पोचली की रिले सुटतो, मोटार थांबते आणि गोळी बाहेर येते. कुणीही एकजण पोचल्याचं कळवत नसेल, तर सगळे थांबून राहतात.

आमची सगळी चाकं शून्यावर दिसत होती आणि मोटार थांबत नव्हती. म्हणजे एक चाक पोचलं होतं, पण त्याची दुसरी पट्टी ते सांगत नव्हती. चार खेळाडूंची मिळून डझनाहून जास्त चाकं, प्रत्येकाच्या पट्ट्यांची चळत, त्यांतली अर्ध्या मिलिमीटरने न उघडलेली एक. सर्किटचा भला मोठा कागद आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यावरून कळलं की या सगळ्या पट्ट्या समांतर जोडलेल्या आहेत, म्हणजे चुकार पट्टी वेगळी केली की रिले सुटलाच पाहिजे. बाबांनी ड्रॉवरमधून एक लग्नपत्रिका काढली आणि तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. पत्रिकेचा कागद जाड असतो, गुळगुळीत असतो, त्याचे तंतू सुटत नाहीत. एक्सचेंजमध्ये त्यांचं हे नेहमीचं हत्यार होतं. मोटार फिरती ठेवून ते एकेका कॉन्टॅक्टमध्ये कागद सरकवत गेले. तिसऱ्या खेळाडूच्या शेकड्याच्या चाकाशी कागद शिरला आणि खोली एकदम शांत झाली. पाठोपाठ गोळी खटकन बाहेर पडली.

मी पट्टी वाकवायला हात घातला तेव्हा बाबांनी मनगट धरलं. आधी चळतीचे स्क्रू घट्ट करायचे, कारण बेकलाइट आणि कागदाचे थर वर्षानुवर्षं आक्रसतात आणि स्क्रू ढिले पडतात. ते न करता पट्टी वाकवली तर चार दिवसांत पुन्हा तेच. मग वाकवायचं ते मुळाशी, टोकाशी कधीच नाही. टोकाशी वाकवलं की टिकल्या तिरप्या टेकतात. आणि शेवटी, बंद होताना दोन्ही टिकल्या एकमेकींवर केसभर घासत सरकायला हव्यात. त्या घासण्यानेच कॉन्टॅक्ट आपला आपण साफ राहतो. हे तिसरं मी कुठल्याच माहितीपत्रकात इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं. बाबांनी ते एकाही शब्दाचा जोर न वाढवता सांगितलं.

गोव्यात हे घासणं जास्तच महत्त्वाचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली, त्यात समुद्राचं मीठ. चांदी काळी पडते, स्प्रिंगा गंजतात, प्लायवूड फुगतो, चित्रकाचेच्या मागे बुरशी येते. पावसाळ्यात आम्ही यंत्राच्या पोटात एक छोटा बल्ब दिवसरात्र पेटता ठेवतो आणि आठवड्यातून एकदा तरी खेळतो. न खेळलेलं यंत्र खेळलेल्या यंत्रापेक्षा लवकर बिघडतं, हे मी ठामपणे सांगते.

बाकीचं काम सांगण्यासारखं कमी आहे. पेटीचा तळ कुजला होता, तो सुताराने मरीन प्लायचा बसवला. चाकांवरचं वाळून मेण झालेलं ग्रीस अल्कोहोलने धुतलं. दिवे मिळवायला वेळ गेला, पण 6.3 व्होल्टचे हे दिवे जुन्या रेडिओच्या डायलमागेही असायचे, आणि मडगावच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे त्यांचा खोकाच निघाला. रबरी रिंगा तेवढ्या परदेशातून आणाव्या लागल्या.

चित्रकाचेला मी हात लावला नाही. तिच्यावरचा रंग डाव्या कोपऱ्यात गेलेला आहे आणि तिथून मागचे दिवे दिसतात. नवी छापून मिळते, मला ती नको आहे. पेटीवर बारवाल्यांनी कधीतरी फासलेला आकाशी ऑइल पेंटही मी खरवडला नाही. कारखान्यातला रंग खाली आहे, पण हे यंत्र कारखान्यात जेमतेम काही दिवस होतं आणि मुरगावला कित्येक वर्षं. आतली तारांची जंजाळ काढून टाकून एक छोटा संगणकी बोर्ड बसवण्याचा सल्ला मला दोघातिघांनी मनापासून दिला. त्याने यंत्र चाललं असतं, यात शंका नाही. पण मग गुण मोजणारं दुसरंच कुणीतरी असतं आणि चाकं त्याच्या सांगण्यावरून नुसती फिरून दाखवत राहिली असती. बघण्यासारखं जे होतं, यंत्राचा विचार चालताना बघणं, तेच गेलं असतं.

आता संध्याकाळी आळीतली मुलं येतात. 80 ग्रॅमची पोलादी गोळी मीटरला सहा सेंटिमीटर उतार असलेल्या मैदानावर धावते, पन्नास गुणांच्या जागी टेकली की मोटार एक वळण घेते आणि दहाच्या घंटेवर पाच टोले पडतात. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असतात. मध्येच ओरडून सांगतात, "चारच पडले!" आणि बघावं तर खरंच मोटारीच्या एका स्विचला साफसफाई हवी असते. यंत्र हलवण्याची मुलांना मुभा आहे, तो खेळाचाच भाग आहे; आत एक लोलक टांगलेला असतो, तो भोवतीच्या कड्याला टेकला की गोळी बाद. तो किती खाली ठेवायचा यावर मुलांची आणि बाबांची रोज घासाघीस चालते.

अशी यंत्रं गोव्यात आणखीही असतील. एखाद्या माळ्यावर, बंद हॉटेलच्या मागच्या खोलीत, कुणा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेल्या, काकांच्या घरी. तुमच्याकडे असेल तर एवढं करा: "बघू तरी चालतं का" म्हणून प्लग लावू नका. आधी फ्यूज बघा, अर्थिंग करून घ्या, व्होल्टेज आणि हर्ट्झ वाचा. गंजलेल्या भागांवर तेलाचा फवारा मारू नका, कॉन्टॅक्टवर तेल बसलं की धूळ धरते आणि ठिणगीने जळते. पेटीच्या तळाशी कागद पडलेले असतील, सर्किट, गुणांची पत्रकं, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या, ते कितीही फाटके असोत, टाकू नका. आणि ओळखीत कुणी जुन्या एक्सचेंजवर काम केलेलं असेल तर त्यांना एकदा घरी बोलवा.